म्हशीच्या गोष्टीचा शेवट

आमच्या घरात कुणाचंही बोलणं आजवर पुरं झालेलं नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमचं दूध-दह्याचं दुकान, दुकानाच्या मागं घर, आणि घरात सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई, आमचे मालक, मी आणि दोन्हीकडची पोरं. सगळ्यांचे आवाज दणदणीत. एकानं तोंड उघडलं की दुसऱ्यानं त्यात आपलं घातलंच. नव्या माणसाला वाटतं, आता हे एकमेकांच्या अंगावर जाणार, आणि चाललेलं असतं एवढंच की आमटीत मीठ पडलंय की नाही. प्रेमाची माणसं आहेत, त्यात खोटं नाही. पण ऐकून घेणं हा प्रकार आमच्याकडं कुणाला कधी जमलेला नाही.

माहेरी तरी काय वेगळं होतं? जयसिंगपूरजवळच्या खेड्यातलं शेतकऱ्याचं घर, आणि भावंडांत मी सगळ्यांत धाकटी. माझी बोलायची पाळी येईपर्यंत ताटं उचललेली असायची. सासरी आले तर धाकटी सून. पन्नाशी ओलांडली तरी मला जी एक गोष्ट सांगायची होती, ती काही शेवटापर्यंत पोचली नव्हती. ती गोष्ट म्हशीची.

तशी ती आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. लग्नाच्याच आठवड्यात सासऱ्यांनी कागलहून एक म्हैस आणलेली. रेडकू दगावलेलं, गोठा नवा, माणसं नवी. ती पान्हा चोरायची. कासेत दूध असायचं, पण कुणी धार काढायला बसलं की थेंब सोडायची नाही. एका दुपारी तिला पाणी दाखवायला मला पाठवलं, आणि ती उधळली. दाव्याचा वेढा माझ्या मनगटाला. मी नवी नवरी, हातात हिरवा चुडा, आणि म्हैस मला ओढत भर चौकातनं, मिरजकर तिकटीवरनं निघालेली! चपला एकीकडं, पदर एकीकडं, लोक बाजूला होऊन बघतायत. इथपर्यंत आलं की घरात हशा उठतो. जाऊबाई उठून पदराचं सोंग करून दाखवतात. सासूबाई "माझा चुडा गं!" म्हणून माझीच नक्कल करतात. मग आमचे मालक मिशीवरनं हात फिरवत म्हणतात, "आणि मग मी सायकल मारत गेलतो, दोघींना वळवून आणलं." झालं, संपली गोष्ट.

ती तिथं संपतच नाही. म्हशीनं ओढत नेलं ते थोडंसंच. त्यानंतर काय झालं ते माझं मला ठाऊक, आणि ते सांगायला मी तोंड उघडलं की "ठावं हाय, ठावं हाय!" असा एकच गलका. कुणाला काही ठाऊक नाही, आणि सगळ्यांना सगळं ठाऊक! मला राग यायचा. अजूनही येतो. भाकरी थापताना मी त्या परातीला जे जे ऐकवलंय, ते माणसांना ऐकवलं असतं तर घर सोडून गेली असती.

आमच्या गल्लीच्या टोकाला पहिल्या मजल्यावर एक शिवणक्लास आहे. तिथल्या बाई महिन्यातल्या एका रविवारी आमच्याकडनं जास्तीचं दूध मागवायच्या. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. दूध मागणाऱ्याला 'का' विचारायचं नसतं. एका रविवारी पोचवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मीच कॅन घेऊन जिना चढले. दाराला पाटी लावलेली: 'लिहिणाऱ्यांची बैठक. नवशिके, जुने, सगळ्यांनी यावं. वाचणाऱ्याला मध्येच कुणी टोकायचं नाही.' पहिल्या दोन ओळींशी माझा काही संबंध नव्हता. शाळा सुटल्यावर दुकानाच्या उधारीपलीकडं मी काही लिहिलेलं नव्हतं. शेवटची ओळ मात्र मी कॅन खाली ठेवून पुन्हा वाचली. मध्येच कुणी टोकायचं नाही! कोल्हापुरात! असलं ठिकाण आपल्या गल्लीत आहे आणि आपण त्यांना नुसतं दूध पोचवतोय.

बाई दारात आल्या तेव्हा मी पाटीवर बोट ठेवून विचारलं, "हे खरं हाय?"

"कुठलं?"

"टोकायचं न्हाय म्हटलंय ते."

"बसून बघा की," बाई म्हणाल्या. "दूध आणलंयसा, चहा तर घेऊन जावा."

मी बसले. भिंतीला लागून शिलाई मशिनी, त्यांच्यावर झाकणं, आणि प्रत्येक मशिनीपुढच्या स्टुलावर एकेक माणूस. एका गृहस्थांची पुस्तकं छापून आलेली होती, आणि त्यांच्या शेजारी एक मुलगी बसलेली, जिनं आयुष्यात पहिली कविता आदल्या दिवशी केलेली. कुणी बँकेतलं, कुणी शाळेतलं, कुणी नुसतंच घरातलं. कोपऱ्यात पांढरा झब्बा घातलेले, सत्तरीचे एक काका होते. ते जयसिंगपूरचे कापडवाले निघाले. जैन मंडळी, दिवस मावळायच्या आत जेवणारी. बैठक संपली की एसटी धरून ते उजेडात घरी पोचायचे. माहेरच्या बाजूचं माणूस दिसलं म्हणून मला बरं वाटलं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

त्या बैठकीची रीत अशी: वाचन सुरू व्हायच्या आधी बाई सगळ्यांच्या बशीत चहा ओततात. कपात ठेवायचा नाही, बशीतच. मग कुणी तोंडानं बोलायचं नाही. चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही. ऐकता ऐकता ज्याचं लक्ष उडालं, त्यानं चहा पिऊन टाकायचा आणि बशी पालथी घालायची. निम्म्याहून जास्त बशा पालथ्या पडल्या की वाचणाऱ्यानं हात जोडून खाली बसायचं. गोष्ट कुठंही असो.

"आणि आवडलं तर?" मी बाईंना हळूच विचारलं.

"आवडलं तर चहा प्यायचं ध्यानात राहत न्हाय. गार होतोय, वर साय धरती. हितलं बक्षीस तेवढंच."

म्हणजे इथंही मध्येच थांबवतातच की! फक्त तोंडाऐवजी बशीनं. मला क्षणभर फसवल्यासारखं वाटलं. पण नंतर एकेकाचं वाचन ऐकत गेले तशी ती रीत मला पटली. घरी माझं बोलणं कुणी न ऐकताच तोडायचे. इथं तोडायच्या आधी ऐकत होते. पुस्तकं छापून आलेल्या गृहस्थांच्या वाचनालाही बशा पालथ्या पडल्या, तेही निमूट हात जोडून बसले. त्या दिवशी सगळ्यांत आधी बशी पालथी पडली ती जयसिंगपूरच्या काकांची. पुढंही जवळजवळ दर खेपेला तसंच. त्यांच्या बशीतल्या चहावर साय धरलेली कुणी पाहिली नव्हती, आणि त्या खोलीत सगळे जण मनातल्या मनात त्याच एका बशीसाठी लिहीत होते.

दुसऱ्या महिन्यात मी म्हशीची गोष्ट घेऊन गेले. कागद हातात, पाय मशिनीच्या पेडलशी अडकलेले. पण सुरुवात केली आणि गाडी सुटलीच. सासऱ्यांची म्हैस, माझा चुडा, तिकटीवरचे लोक. माणसं हसायला लागली. एकही बशी हलली नाही. मी चढत गेले, चढत गेले, आणि 'म्हैस मला ओढत निघाली' या वाक्यापाशी येऊन थांबले.

का थांबले? सवयीनं. तिथं कुणीतरी "ठावं हाय!" म्हणणार, कुणीतरी पदर उडवणार, म्हणून मी वाट बघत उभी राहिले. कुणी काही बोललं नाही. माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. तीस वर्षं मी ज्या शांततेसाठी भांडत होते ती माझ्यापुढं आयती येऊन बसली, आणि मला पुढचं एक वाक्य येईना. कागदावरही 'मग पुढं बरंच काही झालं' एवढंच लिहिलेलं. ते वाचलं. काकांनी चहा पिऊन बशी पालथी घातली. मग एकेक करत सगळ्यांच्या. चिनी मातीचा तो आवाज बारीक असतो, पण कानशिलात मारल्यासारखा लागतो. मी हात जोडले आणि बसले.

घरी जाऊन कुणालाच काही सांगितलं नाही. लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि या खेपेला राग धरायला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई दह्याला आल्या. गल्ल्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "टोकायला कुणी न्हवतं, तर तुम्हीच थांबलासा."

"मला पुढचं बोलायची सवयच न्हाय," मी म्हटलं. तोंडातनं निघून गेलं, आणि खरं तेच होतं.

"तुमची सुरुवात सांगून सांगून गुळगुळीत झालीया. तिला हात लावू नका. उरलंय तेवढं लिवा."

उरलेलं लिहायला मला जवळजवळ वर्ष लागलं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा गल्ल्यावर बसून लिहायचे. चार ओळी झाल्या की कुणीतरी अर्धा लिटर मागायचं. दर महिन्याला जेवढं झालं तेवढं वाचायचे आणि बशा पालथ्या पडल्या की बसायचे. कधी दहा वाक्यांवर, कधी त्याच्या थोडं पुढं. एकदा काकांची बशी शेवटपर्यंत सरळ राहिली आणि बाकीच्यांच्या पडल्या. त्या दिवशी मी हात जोडले ते हसत हसत. जिना उतरताना काका म्हणाले, "अक्का, भराभर वाचता. तुमच्या मागं कोण लागलंय?" मी म्हटलं, "काका, आमच्या घरी एकदा जेवायला या, मग कळंल." त्यानंतर सावकाश वाचायला शिकले. वाक्य संपलं की श्वास घ्यायचा. कुणी मध्ये घुसत नाही. ही इतकी साधी गोष्ट मला या वयात शिकावी लागली.

वर्षातनं एकदा तिथं घरच्यांची बैठक असते. प्रत्येकानं आपली माणसं आणायची. मी घरात बोलणार नव्हतेच, पण बाईंनी दुकानात जाऊबाईंसमोर विषय काढला आणि झालं. "म्हशीची गोष्ट वाचणार हाय? मग आम्ही समदी येणार!" जाऊबाईंनी गल्लीभर सांगितलं.

मला खरी धास्ती वाटली ती तेव्हा. कारण उरलेल्या गोष्टीत काय आहे ते मला ठाऊक होतं. त्यात आमच्या मालकांना ऐकायला जड जाईल असं होतं, आणि तेही चारचौघांत. बाई म्हणाल्या, "पायजे तर दुसरं काहीतरी वाचा. न्हायतर शेवट जरा मवाळ करा." मी एका दुपारी तसा करूनही बघितला. मालक सायकलवरनं येतात, म्हैस वळवतात, मी हसते. छान जुळला होता. वाचून मला इतका संताप आला की त्या कागदाचा बोळा करून टाकला. तो शेवट तर ते गेली तीस वर्षं स्वतःच सांगतायत! मला माझी गोष्ट एकदा, एकदाच, पुरी सांगायची होती. त्यानंतर जे व्हायचं ते होऊ दे.

त्या रविवारी शिवणक्लासची खोली गच्च भरली. मशिनी जिन्यात काढून ठेवल्या, सतरंज्या अंथरल्या. आमचं घर पुढच्या रांगेत: जाऊबाई, दीर, मालक इस्त्रीच्या शर्टात. सासूबाईंना जिना चढवत नाही म्हणून त्या तेवढ्या घरी. बाईंनी बशीची रीत सांगितली. आमचे मालक मोठ्यानं म्हणाले, "म्हंजे बशीनं मत द्यायचं! झ्याक हाय की." सगळे हसले. मालकांना चहा कढत लागतो. जरा निवला की ते परत पाठवतात. हॉटेलात, पाहुण्यांकडं, कुठंही.

माझी पाळी आली. मी सावकाश सुरू केलं. कागलची म्हैस, चोरलेला पान्हा, पाणी दाखवायला निघालेली नवी नवरी. हसू पसरत गेलं. दावं मनगटाला आवळलं, म्हैस उधळली, आणि मी श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात जाऊबाई जागेवरनं उठल्या आणि पदर उडवून दाखवला. दीर टाळ्या पिटायला लागले. मालकांनी मिशीवरनं हात फिरवला आणि मागं वळून खोलीला सांगितलं, "आणि मग मी सायकल मारत गेलतो..."

खोलीत हशा फुटला. गोष्ट झाली असं समजून आमच्या माणसांनी चहा घशात ओतला. आणि आमच्याकडं बशी पालथी घातल्याशिवाय वाढणारा ऐकत नाही, पुन्हा ओततोच. त्या सवयीनं तिघांनीही बशा पटापट पालथ्या घातल्या. त्यांचं बघून मागच्या पाहुण्यांनीही घातल्या. निम्म्याच्या वर गेल्या. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. रीत म्हणजे रीत. माझे हात आपोआप जोडायला वर आले.

कोपऱ्यातनं काकांचा आवाज आला. ज्या बैठकीत ते कधी तोंड उघडत नसत तिथं ते बोलले. "पुढं काय झालं, अक्का?"

त्यांच्या बशीत चहा तसाच होता. आणि हा प्रश्न मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. मी जोडलेले हात सोडून नवऱ्याकडं बोट केलं.

"ओ पावणं!" मी ओरडले. "खाली बसा! ही गोष्ट तुमची न्हाय, माझी हाय. आणि ती अजून संपल्याली न्हाय!"

रस्त्यात धक्का देणाऱ्या परक्या माणसाला हाक मारावी तशी मी त्यांना मारली. इतकी वर्षं 'अहो' म्हणणारी बाई. खोली हसून हसून लोळायची बाकी राहिली. मालकांचं तोंड उघडं ते उघडंच. मग ते खरोखर खाली बसले. जाऊबाईंनी पदर खोचला आणि त्याही बसल्या.

बाईंनी किटली उचलली आणि सगळ्यांच्या बशा सरळ करून पुन्हा चहा ओतला. दूध आमच्याच दुकानातलं.

मी वाचलं. "लोक सांगतात, म्हशीनं मला ओढत नेलं. तिकटी ओलांडली आणि म्हैस चालायला लागली. मी तिला तिथनंच वळवू शकले असते. शेतकऱ्याची पोर आहे मी, मला जनावर वळवता येतं. मी वळवलं नाही. ती कागलच्या रस्त्याला लागली होती, तिच्या जुन्या घराकडं. आणि मलाही माझ्या घराकडं जायचं होतं. कागल कुठं, माझं माहेर कुठं! रस्ता कुठला याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. त्या घरात मी आल्यापासून सगळे बोलत होते, आणि तुला काय वाटतं, असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी ठरवलं, परत जायचं नाही."

मी कागदावरनं मान वर केली नाही. केली असती तर वाचता आलं नसतं. पुढचं वाचलं: घरं संपली, ऊस लागला. दिवस उतरणीला लागला तशी म्हैस थांबली आणि हंबरायला लागली. कास तटतटलेली. मी तिच्या पायाशी बसले, पोटावरनं हात फिरवला, आणि तिला बोलत राहिले. काय बोलले? सगळंच. माहेरचं, सासरचं, आमटीतल्या मिठाचं. कुणी टोकणारं नव्हतं. ती कान पाडून उभी राहिली, आणि तिनं पान्हा सोडला. सासऱ्यांना नाही, दिरांना नाही, पेंडीची ढेप दाखवणाऱ्या कुणालाच नाही, मला सोडला. धार काढता काढता मी रडले. या गावात माझं ऐकून घेणारं कुणीतरी आहे, ती का म्हैस असेना, असं मला वाटलं. "मग मी परतीचा रस्ता धरला. ती माझ्यामागनं आली. दावं सैल होतं. वाटेत मालक सायकलवरनं भेटले, त्यांनी दावं हातात घेतलं आणि ते पुढं चालायला लागले. भेटेल त्याला सांगत होते, दोघींना वळवून आणलं म्हणून. मी मागनं चालले होते. मला सांगायचं होतं की आम्ही आपल्या पायांनी परत आलो. ते आज सांगितलं."

कागद संपला. आयुष्यात पहिल्यांदा माझं शेवटचं वाक्य माझ्याच तोंडातनं निघालं होतं.

मग मी बशा बघितल्या. सगळ्या सरळ. मुलींच्या, मास्तरांच्या, पाहुण्यांच्या, आणि सगळ्यांवर पिवळसर साय. काकांनी आपली बशी दोन्ही हातांनी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी धरली, आणि साय न मोडता खाली ठेवली. बाई तोंड फिरवून डोळे पुसत होत्या. जाऊबाई तर उघड रडत होत्या आणि रडता रडता शेजारणीला सांगत होत्या, "ही माझी जाऊ हाय!" मला इतका आनंद झाला की तो कुठं ठेवू कळेना. मी ताठ उभी होते. हात जोडले नाहीत, कारण त्या दिवशी मला कुणी बसवलं नव्हतं.

मालकांची बशी मी सगळ्यांत शेवटी बघितली. चहा काठोकाठ, वर जाड साय. ते खाली बघत होते. मग त्यांनी बशी उचलली आणि तो गारढोण चहा सायीसकट पिऊन टाकला. बशी सरळच ठेवली.

काका एसटीला निघाले. जाताना मला म्हणाले, "आज जेवायला अंधार पडला तरी चालला असता, अक्का." त्यांना असं बोलताना कुणी ऐकलेलं नव्हतं. मग मी आणि मालक निघालो. बाकीचे पुढं गेले होते, त्यांचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत होता. एरवी मालक माझ्यापुढं चार पावलं असतात. त्या दिवशी बरोबरीनं चालले. मला वाटलं, आता बोलतील. चारचौघांत अब्रू घालवलीस म्हणतील, नाहीतर एकदम गप्पच बसतील. मी दोन्हीची तयारी केलेली होती.

"दावं सैल होतं," ते म्हणाले.

"काय?"

"मी सायकलवरनं आलो तवा. दावं सैलच होतं. बघितलं होतं मी."

मी रस्त्यातच थांबले. "मग तीस वर्षांत बोलला न्हाईसा कधी?"

"मला तरी घरात कोण पुरं बोलू देतंय?" ते म्हणाले. "'सायकल मारत गेलतो' म्हटलं की समदी हसत्यात. पुढचं राहूनच जातंय."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. हे त्या घरातलं सगळ्यांत दणदणीत माणूस, आणि यांचीही गोष्ट अर्धीच राहिलेली. थोडं चालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दूध कशात काढलंस? भांडं न्हवतं की तुझ्याजवळ."

हा खास दूधवाल्याचा प्रश्न. खोलीत कुणाला सुचला नव्हता. मी सांगायला लागले. रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती. तिथल्या म्हाताऱ्यानं आपली किटली रिकामी करून दिली. त्या दुधाचा त्यानं मलाच चहा करून दिला. या गावात आल्यापासून दुसऱ्यानं करून हातात दिलेला तो पहिला चहा. मग तो मला म्हणाला... आणि तेवढ्यात घर आलं.

दार उघडं होतं. आत जाऊबाई सासूबाईंना सगळं सांगत होत्या, दीर मध्ये घालत होते, पोरं ओरडत होती. कुणीतरी हाक मारली, "आली बघा, आली!" आत पाऊल टाकलं असतं की संपलंच. मी सवयीनं गप्प झाले आणि चपला काढायला वाकले.

मालकांनी पुढं होऊन दार बाहेरनं ओढून घेतलं, आणि दुकानाच्या पायरीवर बसले. मला बसायला जागा केली.

"बस," ते म्हणाले. "पुरं कर की."

मी बसले, आणि पुरं केलं.